परदेशातल्या अडत्याची पट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या कोल्हापूर पानावर निर्यात मेळाव्याची बातमी होती. 'मधला दलाल काढून टाका, मोबाईलवरून थेट परदेशी गिऱ्हाईक गाठा' असं तिथल्या पाहुण्यांनी सांगितलं आणि टाळ्या पडल्या, असं आपल्या बातमीदारानं लिहिलंय. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. सवयीनं वाजल्या. घरी येताना गाडीवर विचार करत आलो तेव्हा वाटलं, उद्या कुणी पोरगा या सल्ल्यावर खरंच चालला तर त्याचा माल बंदरात पडून राहील. आणि दलाल धरला, पण मी धरला तसा धरला, तर माल गोदामात पडून राहील. त्यातला दुसरा अनुभव माझ्या गाठीला आहे, म्हणून हे पत्र. लांबलंय. कापायचं तर कापा, पण कराराचा भाग कापू नका.

शिवाजी उद्यमनगरात माझा छोटा कारखाना आहे. गुऱ्हाळाचे, म्हणजे ऊस पिळायचे, चरक करतो. तीन रोलरचे, डिझेल इंजिनावर नाहीतर मोटरवर चालणारे. ओतकाम शिरोलीतून येतं, मशिनिंग आणि जुळणी आमच्याकडं. माणसं अकरा, मला धरून. एकेकाळी पंचगंगेच्या काठानं गेलं की चुलवाणाचा धूर आणि काहिलीचा वास सोबतीला असायचा. माझ्या डोळ्यांदेखत ऊस साखर कारखान्याकडं वळला, गुळव्या मिळेना, चिपाडं वाळवायला माणूस मिळेना. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद झाला. पण मानांकन काही चरक विकत घेत नाही. तोवर मी बाहेर बघायला लागलो होतो.

केनियाच्या पश्चिम भागात आणि युगांडात गूळ करतात, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. केनियात त्याला 'सुकारी न्गुरु' म्हणतात. (त्यातला बराचसा दारू गाळायला जातो, हे नंतर कळलं. ते असो.) गंमत म्हणजे तिकडच्या रानात वर्षानुवर्षं उभा असलेला ऊस को ४२१, म्हणजे आपल्याच कोईमतूरच्या केंद्रातली जात. ऊस इकडून गेला, मग चरक का जाऊ नये, एवढाच माझा हिशेब.

आता थोडं मागं जातो. आमचे दादा शाहूपुरीत एका अडत दुकानात दिवाणजी होते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही व्यापारपेठ वसवली. पुढं गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, तरी दादा शेवटपर्यंत 'पेठेत जातो' असंच म्हणायचे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या मागं. पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा, तीस किलोच्या रव्यांच्या थप्प्या, त्यावर घोंगावणाऱ्या गांधीलमाशा, आणि दादांच्या पुढ्यात पट्ट्यांची चळत. पट्टी म्हणजे काय ते हल्ली सांगावं लागतं. शेतकऱ्याचा माल विकला गेला की अडत्या त्याच्या हातात एक कागद ठेवायचा. किती रवे, वजन किती, काय दरानं गेले, कुणी घेतले, त्यातनं हमाली किती, तोलाई किती, अडत किती, आणि हातात किती. दादा म्हणायचे, "अडत घे म्हणावं काय घ्यायची ती, पर पट्टी स्वच्छ पायजे. पट्टी देत न्हाई त्यो अडत्या न्हवं, त्यो मालक झाला."

हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. तरीही करारावर सही करताना मला ते आठवलं नाही.

२०११ मध्ये मुंबईच्या एका प्रदर्शनात नैरोबीचे एक शेठ भेटले. आजोबा आफ्रिकेत रेल्वेच्या काळात गेलेले, घरी गुजराती, बाहेर स्वाहिली, माझ्याशी हिंदी. शेतीची यंत्रं, पंप, जनरेटर विकायचे. दोन चरक नमुन्याला नेले, पैसे आगाऊ दिले. सहा महिन्यांत आणखी आठ मागवले, वीस फुटी कंटेनर भरून. मी हवेत. मग २०१२ मध्ये त्यांनी करार पाठवला. पाच पानं, इंग्रजीत, त्यांच्या वकिलानं केलेला. त्यातली दोन पानं मी नीट वाचली, भावाचं आणि पैसे कधी मिळणार त्याचं. उरलेल्या तीन पानांत काय होतं ते पुढं पाच वर्षं शिकलो.

त्यात होतं असं. संपूर्ण पूर्व आफ्रिकेत माझा माल फक्त शेठ विकणार. वर्षाला किमान किती घ्यायचा, हे कुठंच नाही. दुसऱ्या कुणाचे चरक त्यांनी ठेवायचे नाहीत, असंही कुठं नाही. मुदत पाच वर्षं, आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी लेखी कळवलं नाही तर आपोआप आणखी पाच वर्षं. भांडण झालं तर नैरोबीच्या कोर्टात. आणि माझ्या चरकावरच्या नावाबद्दल एक अक्षर नाही.

शेठ वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. दलाल नको म्हणणाऱ्यांनी जरा ऐकावं. केनियात २००५ पासून नियम आहे की माल जहाजावर चढायच्या आधीच तपासणी होऊन तिथल्या मानकाप्रमाणे असल्याचा दाखला मिळायला हवा. त्या दाखल्यासाठी कुठला कागद कुणाकडं द्यायचा, ते शेठच्या माणसानं मला फोनवर तासभर समजावलं. मोंबासा बंदरातून माल सोडवणं, तिथून ट्रक लावणं, गुऱ्हाळवाल्याला 'गूळ विकला की दे' म्हणून उधार देणं, सगळं त्यांचं. उद्यमनगरात बसून काकामेगाच्या शेतकऱ्याला उधार कोण देणार? मी देऊ शकत नव्हतो. मेळाव्यातले पाहुणेही देऊ शकणार नाहीत. मोबाईलवर फोटो पाठवून बाहुली नाहीतर साडी विकली जाते. दीड टनाचं बिडाचं यंत्र विकायला तिथं कुणीतरी चिखलात उतरणारा लागतो.

पण तिसऱ्या वर्षापासून ऑर्डरी आटल्या. दोन आल्या, मग एक, मग काहीच नाही. उलट मलाच थेट फोन आणि मेल येऊ लागले. युगांडातून, टांझानियातून. माझ्या वहीत अशा अकरा चौकश्या नोंदवल्यात, तारखेसकट. कराराप्रमाणे प्रत्येक मी शेठकडं पाठवली. एकाचंही पुढं काय झालं ते कळलं नाही. विचारलं की उत्तर यायचं, 'मार्केट डाऊन है.'

शेवटी २०१४ च्या जुलैत स्वतःच गेलो. पिवळ्या तापाची लस टोचून घेऊन. नैरोबी उंचावर आहे, जुलैत स्वेटर लागतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या पदपथावरून एक घेतला, अजून वापरतो. दुसऱ्या दिवशी शेठनी इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामात नेलं. शटर वर गेलं. आत ट्यूबलाइट एकच. डाव्या हाताला पंप आणि तारेची बंडलं, आणि मागच्या भिंतीला ओळीनं पाच लाकडी पेट्या. माझ्या. फळीवर लाकूड तापवल्याचा तो आयएसपीएम १५ चा शिक्का, आणि त्याच्या वर कुंकवाचं बोट. कारखान्यातून पेटी निघताना आमच्याकडं घरातली बाई हळदकुंकू लावते, नारळ वाढवते, मग ट्रक हलतो. दीड वर्षापूर्वीचं ते कुंकू होतं. मी त्यावर बोट फिरवलं तर बोटाला लागलं. पेटी एकदाही उघडली नव्हती.

दारापाशी मात्र दोन चरक उघडे ठेवले होते, भडक हिरव्या रंगाचे, चिनी बनावटीचे. खाली तेल सांडलेलं, रोलरला उसाचा चोथा चिकटलेला. म्हणजे दाखवायला चालवत होते. भाव विचारला. माझ्यापेक्षा जवळजवळ चाळीस टक्के कमी. मी शेठना म्हटलं, मग माझे कशाला ठेवलेत? शेठ हसले. "भाई, आपका माल अच्छा है, इसीलिए तो रखा है."

संपादकसाहेब, त्या माणसानं एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. माझा माल चांगला होता, म्हणूनच तो दुसऱ्या कुणाच्या हाती लागू न देणं त्यांना परवडत होतं. पाच यंत्रांचे पैसे अडकवून त्यांनी पाच देश बंद केले. आणि चूक त्यांची नव्हे, माझी. मी त्यांना अडत्या समजत होतो. कागदावर ते खरेदीदार होते.

हा फरक आपल्या पेठेत पोरालाही कळतो. अडत्या माल विकत घेत नाही, विकून देतो. भाव पडला तर शेतकऱ्याचा पडतो, आणि गिऱ्हाईक कोण ते शेतकऱ्याला दिसतं. खरेदीदार माल घेऊन जातो, मग तो त्याचा; चढ्या भावानं विकू दे नाहीतर गोदामात ठेवू दे. परदेशात यांनाच एजंट आणि डिस्ट्रिब्युटर म्हणतात. एजंट तुमच्या नावानं ऑर्डर आणतो, माल तुम्ही गिऱ्हाइकाला पाठवता, बिल तुमचं, बुडालं तर तुमचं, त्याला कमिशन. डिस्ट्रिब्युटर स्वतःच्या पैशानं घेतो, बुडालं तर त्याचं, पण गिऱ्हाईक कोण हे तुम्हाला सांगायला तो बांधील नाही, कागदावर लिहून घेतल्याशिवाय. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात एजन्सीवर अख्खं प्रकरण आहे, १८२ व्या कलमापासून. एजंटानं मागितला की हिशेब दिला पाहिजे, हे २१३ व्या कलमात आहे. म्हणजे दादांची पट्टी. पण डिस्ट्रिब्युटरला ते लागू नाही. माझ्या करारात जागोजागी 'डिस्ट्रिब्युटर' लिहिलं होतं आणि मी त्याचं मराठी मनात 'एजंट' करत होतो.

गावी आलो, राजारामपुरीतल्या वकिलांना करार दाखवला. त्यांनी चष्मा काढून सांगितलं, मुदत संपेपर्यंत गप्प बसा, आणि सहा महिन्यांची ती तारीख विसरू नका. ती मी विसरलोच असतो. मुलीनं फोनमध्ये लावून ठेवली होती म्हणून २०१७ ची नोटीस वेळेत गेली; मेलनं, कुरिअरनं आणि रजिस्टर पोस्टानं, तिन्हीच्या पावत्या फाइलला.

सुटलो असं वाटलं. २०१८ मध्ये केनियातल्याच एका गुऱ्हाळवाल्याला थेट दोन चरक पाठवायचे ठरले, तेव्हा शेठच्या वकिलाचं पत्र आलं. चरकावरचं नाव केनियात त्यांच्या कंपनीच्या नावानं ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं आहे, सबब त्या नावाचा माल आणू नये.

ते नाव माझ्या आईचं आहे.

एजंटानं किंवा प्रतिनिधीनं मालकाला न विचारता त्याचं नाव स्वतःकडं नोंदवलं तर मालकाला हरकत घेता येते, अशी तरतूद ट्रेडमार्क-पेटंटच्या जुन्या पॅरिस करारात (हवामानाच्या नव्हे) आहे आणि भारत, केनिया दोघंही त्यात आहेत. वकिलांनी हे मला आनंदानं सांगितलं. मग तिथल्या वकिलाच्या फीचा अंदाज सांगितला. तो दोन चरकांच्या नफ्याच्या कितीतरी वर होता. मी पॅटर्नवाल्या मिस्त्रींकडं गेलो. चरकाच्या बाजूच्या प्लेटचा लाकडी पॅटर्न, ज्याच्यावरनं ओतकामाचा साचा उठतो तो, बाकावर ठेवला. त्यावर उठावाची पाच अक्षरं, वीस वर्षांपूर्वी त्यांनीच बसवलेली. मिस्त्रींनी पटाशी लावली, मग थांबले आणि मला म्हणाले, "आईचं नाव हाय, तुम्हीच काढा." मी पहिलं अक्षर काढलं. बाकीची त्यांनी काढली. आफ्रिकेला जाणाऱ्या चरकावर आता वेगळंच नाव आहे. ते मात्र आधी नोंदवलं. भारत २०१३ पासून ट्रेडमार्कच्या माद्रिद प्रोटोकॉलमध्ये आहे, त्यामुळं इथूनच एका अर्जावर केनियाचं नाव टाकता येतं, केनिया त्यात १९९८ पासून आहे. ज्या दिवशी नमुन्याची पहिली पेटी बाहेर पाठवाल त्याच्या आधी हे करा. फी भरताना जीवावर येतं. पटाशीपेक्षा स्वस्त पडतं.

आता बरं काय चाललंय तेही सांगतो, नाहीतर नुसतं रडगाणं होईल.

जुन्या अकरा चौकश्यांतला एक माणूस युगांडातल्या जिंजाजवळचा होता. साखर कारखान्यात फिटर होता, तिथून बाहेर पडून गुऱ्हाळांची दुरुस्ती करायचा. त्याला पैसे गुंतवणं शक्य नव्हतं, म्हणून तो एजंट झाला. शोरूम नाही, गोदाम नाही, एक मोटारसायकल. मला तो 'म्झे' म्हणतो, म्हणजे आपल्याकडचं आबा. पहिल्या भेटीत शेठनी मला विचारलं होतं, कुठकुठले देश देणार? यानं विचारलं, गनमेटलचं बुश किती तास चालतं आणि तेल घालायला विसरले तर काय होतं? त्या एका प्रश्नावर मी त्याला धरला.

एक वर्षाचा करार, दोन पानांचा, माझ्या मुलीनं लिहिलेला आणि वकिलांनी सुधारलेला. इलाका फक्त त्याचे चार जिल्हे. वर्षाला चार यंत्रं झाली तर पुढच्या वर्षी इलाका त्याचाच राहणार, नाही झाली तर मी दुसरा माणूस नेमणार. कमिशन आठ टक्के, तेही एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीवर. जहाजाच्या भाड्यावर कमिशन द्यायचं कारण नाही, पण बरेच जण सगळ्या बिलावर देऊन बसतात. आणि कमिशन ऑर्डर आली की नाही, पैसे माझ्या बँकेत आले की. त्याच्या इलाक्यातून मला थेट ऑर्डर आली तरी त्याचं अर्धं कमिशन आहे, म्हणून तो माझ्यापासून काही लपवत नाही. शिपिंग बिलात कमिशनचा रकाना असतो, तिथं आधीच दाखवायचं. पैसे पाठवताना आयकराचा फॉर्म, आणि लागेल तिथं सीएचा दाखला. हे कागद वेळच्या वेळी केले तर बँक हरकत घेत नाही, नंतर केले तर चहा पाजूनही काम होत नाही.

आणि दर महिन्याच्या पाच तारखेला पट्टी. मी करारात इंग्रजीत काय लिहिलंय ते सोडा, आम्ही दोघंही त्याला 'पट्टी'च म्हणतो. त्याला तो शब्द आवडला. व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो येतो. कुठल्या गावात कोण भेटला, त्याच्याकडं सध्या कुठलं यंत्र आहे, ऊस किती, पैसे कुठून आणणार, आधी विकलेल्या चरकाचं काय चाललंय. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन. उद्या तो माणूस काम सोडून गेला तर मला वाईट वाटेल, पण गिऱ्हाइकं माझ्याकडं राहतील.

गेल्या वर्षी एकदा पट्टीत लिहिलं होतं, अमुक गावचा चरक 'ओरडतो'. मी फोन लावला, तो तिथंच होता. म्हटलं, फोन गिअरपाशी धर. इकडं मी लेथ बंद करायला लावले, सगळे गप्प, आणि फोन कानाला लावून ऐकत उभा राहिलो. इंजिनाचा ठोका सरळ. पण प्रत्येक फेऱ्याला एक बारीक 'टक'. ऊस आत गेला की गायब, मोकळा फिरला की परत. पिनियनची चावी सैल झाली होती. त्याला सांगितलं, पाऊण तासात त्यानं नवी चावी घासून बसवली. सुटा भाग पाठवायचा तर जहाजानं मोंबासा, तिथून सीमा ओलांडून जिंजा. तोवर त्या माणसाचा हंगाम गेला असता. असा एजंट तुम्हाला मोबाईलवरच्या कुठल्या बाजारात मिळणार?

शिरोलीतल्या एका मित्राची गोष्ट उलट्या बाजूची आहे. त्याचं ओतकाम जर्मनीला जातं. तिथला एजंट सात वर्षांचा जुना. गिऱ्हाईक आता आपलं झालं, कमिशन कशाला, म्हणून यानं एका मेलवर त्याला काढलं. करार जर्मन कायद्याखाली होता. पाच वर्षांवर झालेल्या एजंटाला तिथं सहा महिन्यांची नोटीस लागते. वर, त्यानं आणलेली गिऱ्हाइकं तुम्हाला पुढंही पैसा देणार असतील तर त्याची भरपाई. जर्मन व्यापारी कायद्याचं ८९ ब कलम. गेल्या पाच वर्षांच्या सरासरीनं एका वर्षाच्या कमिशनपर्यंत जाते, आणि एजंटाला ती एक वर्षाच्या आत मागावी लागते. मित्राच्या करारात 'भरपाई मिळणार नाही' असं स्पष्ट लिहिलं होतं. ते चाललं नाही. हा हक्क आधीच सोडून देता येत नाही, असं तोच कायदा सांगतो. मित्र चिडलेला आहे. मला मात्र तो कायदा बरा वाटतो. माझ्या जिंजावाल्यानं सात वर्षं चिखल तुडवला आणि मी त्याला एका मेलवर काढला, तर दादा वरून काय म्हणतील?

दुबईकडं जाणाऱ्यांनीही एवढं बघून जावं. तिथं १९८१ चा एजन्सी कायदा बरीच वर्षं होता. नोंदणी झालेल्या एजंटाला सबळ कारणाशिवाय काढता येत नसे, काढलं तर भरपाई, आणि तो दुसऱ्या मार्गानं येणारा माल अडवू शके. २०२२ चा नवा कायदा जून २०२३ पासून लागू झाला, त्यात आधी नोटीस देऊन मुदतीअखेर करार संपवता येतो. पण मे २०२२ पासून आपला त्यांच्याशी व्यापार करार सुरू झाला, जकात उतरली, आणि आपल्याकडची मंडळी जो पहिला भेटेल त्याला आख्खी अमिरात लिहून देऊन आली. नोंदणी कुठल्या प्रकारची, कुणाच्या नावानं, हे विचारणारे फार थोडे.

कोल्हापुरी चपलांचंही तेच. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली आणि इथं सगळे रस्त्यावर आले. यायलाच हवं होतं. मानांकन २०१९ चं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण सुभाषनगरातल्या कारागिराला विचारा, तुमची चप्पल परदेशात कोण घालतं? 'मुंबईचा व्यापारी नेतो' एवढंच तो सांगू शकेल. त्याच्याकडं पट्टी नाही.

म्हणून मेळावे भरवणाऱ्या आमच्या संघटनांना माझं सांगणं आहे. आयात-निर्यातीचा आयईसी नंबर कसा काढायचा हे शिकवणं आता पुरे, तो घरबसल्या निघतो. त्याऐवजी एक दिवस नुसता करार वाचायला ठेवा. मराठीत. एक वकील, एक बँकवाला, निर्यात पत हमी महामंडळाचा एक माणूस (माझ्या वेळी मला कुणी सांगितलं असतं की परदेशी खरेदीदार बुडवेल त्याचा विमा मिळतो, तर उधारीवर तरी मी जरा धीरानं बोललो असतो), आणि दोन असे कारखानदार ज्यांचं नुकसान झालंय. यशस्वी उद्योजक बोलवू नका, त्यांचं नशीब आपल्याला उपयोगाचं नसतं. आणि नैरोबी असो की दुबई, तिथल्या आपल्या वकिलातीत व्यापार विभाग असतो. समोरच्या माणसाची चौकशी करायला एक मेल लिहायला शिकवा.

त्या पाच पेट्यांचं काय झालं, असं मला नेहमी विचारतात. करार संपल्यावर शेठनी त्या अर्ध्या किमतीत मलाच देऊ केल्या. मी घेतल्या, आणि जिंजावाल्यानं ट्रक लावून सीमा पार नेल्या. नव्या नावाच्या प्लेटा आम्ही इथून पाठवल्या. पाचही विकल्या गेल्या, एक तर अजून त्याच्या पट्टीत दर महिन्याला 'ठीक' म्हणून येतो.

माझा तो २०१२ चा पाच पानी करार आणि आत्ताचा दोन पानी, दोन्ही नावं खोडून, येत्या सोमवारी आपल्या कोल्हापूर कचेरीत ठेवून जातो. ज्याला हवा त्यानं झेरॉक्स काढून घ्यावी. जुन्याच्या तिसऱ्या पानावर मी पेन्सिलीनं खुणा केल्यात, त्या पुसू नयेत. माझं नाव छापू नये ही विनंती. शेठशी अजून दिवाळीला फोनवर बोलणं होतं.

आपला,
एक चरकवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर